मालकालाही न मोडता येणारा नियम

11 ऑगस्ट 2018 च्या शनिवारी पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेचे पैसे काही तासांत जगभरातून निघून गेले. 28 देशांतील एटीएममधून व्हिसा कार्डांच्या सुमारे 12,000 व्यवहारांत 78 कोटी रुपये काढले गेले. भारतात रुपे कार्डांच्या सुमारे 2,800 व्यवहारांत अडीच कोटी गेले आणि त्यातला काही पैसा बनावट कार्डे घालून कोल्हापुरातील एटीएममधून उचलला गेला. 13 ऑगस्टला बँकांमधील आंतरराष्ट्रीय संदेशवहनाच्या स्विफ्ट यंत्रणेतून आणखी 13 कोटी 92 लाख रुपये हाँगकाँगच्या एका खात्यात वळवण्यात आले. एकूण नुकसान 94 कोटी 42 लाखांचे. 2023 मध्ये पुण्याच्या न्यायालयाने या प्रकरणात 11 जणांना दोषी ठरवले. मात्र यंत्रणा फोडणारे हात त्यांच्या पलीकडे, फार दूर होते. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने 2019 च्या अहवालात या हल्ल्याचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला. कोल्हापूरच्या रस्त्यावरील एटीएमसमोर कार्ड घेऊन उभा असलेला माणूस हा त्या साखळीचा शेवटचा आणि सगळ्यात किरकोळ दुवा होता.

हा पैसा निघाला कसा, ते नीट पाहण्यासारखे आहे. एटीएममध्ये कार्ड घातले की विनंती बँकेच्या 'स्विच' नावाच्या सर्व्हरकडे जाते. स्विच ती खात्यांचा हिशेब ठेवणाऱ्या कोअर बँकिंग यंत्रणेकडे पाठवतो, खात्यात शिल्लक आहे का हे तिथे तपासले जाते आणि होकार आला तरच नोटा बाहेर येतात. कॉसमॉसच्या बाबतीत हल्लेखोरांनी खऱ्या स्विचला समांतर असा बनावट स्विच उभा केला. विनंत्या त्याच्याकडे जात आणि तोच परस्पर होकार देई. खातेदाराच्या शिल्लकेपर्यंत प्रश्न पोहोचतच नव्हता. अशा घटनेनंतर सगळे एकच विचारतात, की चोर आत शिरला कसा? प्रश्न रास्त आहे, पण अपुरा आहे. संगणकाच्या जगात कोणी ना कोणी, कधी ना कधी आत शिरतोच. म्हणून दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा ठरतो: आत शिरल्यावर त्याला किती लांब जाता आले, आणि ती हद्द कोणी आखली होती? या लेखाचे म्हणणे असे, की सर्व्हरवर चालणाऱ्या प्रत्येक सेवेची ताकद तिच्या कामापुरतीच असावी, ती हद्द खुद्द कर्नलने, म्हणजे कार्यप्रणालीच्या गाभ्याने, राखावी आणि सेवेला किंवा ती चालवणाऱ्या माणसाला ती मनाप्रमाणे सैल करता येऊ नये. लिनक्स या खुल्या कार्यप्रणालीत ही सोय वर्षानुवर्षे फुकट मिळते आहे. कोल्हापूरसारख्या सहकारावर उभ्या असलेल्या जिल्ह्यातील लहान संस्थांना तिची सर्वाधिक गरज आहे आणि अनेक ठिकाणी पहिल्या अडचणीला बंद केली जाते तीही हीच.

मर्जीचे हक्क

युनिक्समध्ये आणि पुढे लिनक्समध्ये परवानगीची मूळ पद्धत साधी आहे. प्रत्येक फाइलला एक मालक, एक गट आणि उरलेले सगळे. या तिघांपैकी कोणी वाचायचे, कोणी लिहायचे, कोणी चालवायचे, हे मालक ठरवतो. वापरकर्त्याने सुरू केलेल्या प्रोग्रॅमला त्या वापरकर्त्याचे सगळे हक्क आपोआप मिळतात. 'रूट' या सर्वाधिकारी खात्याला तर यातले कोणतेच बंधन लागू नाही. ही पद्धत 1970 च्या दशकातली आहे. एकच मोठा संगणक अनेक माणसे वापरत आणि धोका असे तो शेजाऱ्याने आपली फाइल उघडण्याचा. आजच्या सर्व्हरवर माणसे जवळपास नसतातच. तिथे सेवा चालतात: वेब सर्व्हर, डेटाबेस, ईमेल, फाइल-वाटप. या सेवा दिवसरात्र अनोळखी लोकांकडून आलेला मजकूर वाचतात. त्यात एखादी चूक सापडली की परका माणूस त्या सेवेच्या नावाने वावरू लागतो आणि जुन्या पद्धतीला त्यात काहीच वावगे दिसत नाही. हक्क सेवेचे, मागणी सेवेची, मग परवानगी का नाकारायची?

अमेरिकेच्या संरक्षण खात्याने 1983 मध्ये संगणक सुरक्षिततेचे निकष प्रसिद्ध केले. 'ऑरेंज बुक' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या पुस्तिकेत परवानगीचे दोन प्रकार वेगळे केले होते. पहिला ऐच्छिक, म्हणजे मालकाच्या मर्जीवर चालणारा. दुसरा अनिवार्य, म्हणजे यंत्रणेने सगळ्यांसाठी एकदा ठरवलेला आणि मालकालाही न मोडता येणारा. हा फरक समजायला बँकेची तिजोरी पुरेशी आहे. तिच्या दोन चाव्या दोन अधिकाऱ्यांकडे असतात. शाखाधिकाऱ्याला एकट्याला ती उघडता येत नाही. यात त्याच्या सचोटीबद्दल शंका नसते. त्याला कोणी धमकावले, फसवले किंवा त्याची चावी चोरली, तरी एका माणसाच्या चुकीने सगळी रोकड जाऊ नये, एवढाच त्या नियमाचा हेतू असतो. सहकारी बँकांनी रोख रकमेसाठी हे शहाणपण केव्हाच अंगी बाणवले. त्याच बँकांच्या सर्व्हरवर मात्र एकच चावी सगळी दारे उघडते.

लिनक्समध्ये अनिवार्य नियंत्रण आणणारी पहिली मोठी यंत्रणा म्हणजे एसईलिनक्स. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने, म्हणजे एनएसएने, डिसेंबर 2000 मध्ये तिचा कोड सर्वांसाठी खुला केला. 2001 मध्ये ती कर्नलमध्ये घ्यावी असा प्रस्ताव आला, तेव्हा लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी एकाच पद्धतीला बांधून न घेता अनेक पद्धती जोडता येतील असा सामाईक सांगाडा मागितला. तो तयार झाला आणि 2003 च्या 2.6 कर्नलमध्ये एसईलिनक्स त्याच्यासह दाखल झाले. त्याच सांगाड्यावर पुढे ॲपआर्मर आले. उबंटू या लिनक्स वितरणात ते आधीपासून वापरात होते आणि 2010 मध्ये मूळ कर्नलचा भाग झाले. एसईलिनक्स प्रत्येक वस्तूला लेबल लावते, तर ॲपआर्मर फाइलचा मार्ग पाहून निर्णय घेते. दोघांचे मूळ तत्त्व एकच: जे स्पष्टपणे मान्य केलेले नाही ते नाकारलेले आहे.

एका सेवेची हद्द

एखाद्या पतसंस्थेचा वेब सर्व्हर रेड हॅट घराण्यातील लिनक्सवर चालतो असे समजू. यंत्र सुरू होताना सर्वांत आधी चालणारी प्रक्रिया अपाची हा वेब सर्व्हर प्रोग्रॅम सुरू करते. अपाचीच्या चालवायच्या फाइलवर एक खास लेबल असते आणि पॉलिसीत, म्हणजे एसईलिनक्सच्या नियमसंचात, नियम असतो, की या लेबलची फाइल चालवली की जन्माला येणारी प्रक्रिया 'एचटीटीपीडी_टी' या प्रकारात जाईल. त्या क्षणापासून प्रक्रियेची ओळख बदलते. संकेतस्थळाचे लेबल असलेल्या फाइली ती वाचू शकते, आपल्या नोंदवहीत भर घालू शकते, 80 आणि 443 सारख्या ठरलेल्या पोर्टवर ऐकू शकते. पासवर्डांच्या फाइलवर 'शॅडो_टी' हे लेबल असते आणि ती वाचण्याचा नियम वेब सर्व्हरच्या नावावर नाही. म्हणून प्रक्रिया रूटच्या हक्कांनी चालत असली तरी तिला ती फाइल मिळत नाही. नेहमीची परवानगी आधी तपासली जाते आणि ती मिळाल्यावर एसईलिनक्सची तपासणी होते. म्हणजे ही यंत्रणा कोणाला जास्तीचे काही देत नाही. आधी मिळालेल्यातून काढून घेणे एवढेच तिला येते. इतर यंत्रांशी आपणहून जोडणी करण्याची मुभाही वेब सर्व्हरला सुरुवातीला नसते. ती हवी असेल तर व्यवस्थापकाने एक स्विच जाणीवपूर्वक चालू करावा लागतो.

आता या वेब सर्व्हरवरील एखाद्या जुन्या फॉर्ममधून हल्लेखोर आत शिरला असे धरा. पुढची पावले ठरलेली असतात. बाहेरून हत्यारे उतरवून घ्यायची, पासवर्ड वाचायचे, शेजारच्या सर्व्हरवर उडी मारायची, स्वतःसाठी कायमची जागा करून ठेवायची. यातील बहुतेक पावलांवर कर्नल नकार देते आणि प्रत्येक नकाराची एक ओळ ऑडिट नोंदीत लिहिते: कोणत्या प्रकारच्या प्रक्रियेने, कोणत्या लेबलच्या वस्तूवर, काय करायचा प्रयत्न केला. वेब सर्व्हर पासवर्डांची फाइल मागतो आहे, अशी एक ओळ दिसली तरी जागरूक माणसाला पुरे. कारण धड चालणारा वेब सर्व्हर ती फाइल कधीच मागत नाही.

या युक्तिवादाला घडलेल्या घटनांचा आधार आहे. सप्टेंबर 2014 मध्ये 'शेलशॉक' नावाची खोट जाहीर झाली. बॅश या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या प्रोग्रॅमला वेबवरून परक्याची आज्ञा पाळायला लावता येत होते. एसईलिनक्सने ती खोट बुजवली नाही. पण वेब सर्व्हरच्या वाटेने आलेल्या आज्ञेला वेब सर्व्हरच्याच हद्दीत अडकवून ठेवले. मे 2017 मध्ये सांबा या फाइल-वाटपाच्या सेवेत अशी चूक सापडली, की वाटपाच्या फोल्डरमध्ये लिहू शकणारा कोणीही तिथे स्वतःचा कोड ठेवून सर्व्हरला तो चालवायला लावू शकत होता. 2010 पासूनच्या आवृत्त्यांत ती चूक होती, सात वर्षे कोणाच्या ध्यानात आली नव्हती. रेड हॅटची नेहमीची पॉलिसी चालू असलेल्या यंत्रांवर हा हल्ला फसत होता, कारण सांबाने ठरलेल्या जागेबाहेरचा कोड भाग म्हणून जोडून घेणे पॉलिसीलाच मान्य नव्हते. फेब्रुवारी 2019 मध्ये कंटेनर, म्हणजे एकाच यंत्रावर वेगळे कोंडून ठेवलेले प्रोग्रॅम, चालवणाऱ्या रनसी या साधनात खोट निघाली. कंटेनरमधून बाहेर येऊन मूळ यंत्रावरील रनसीची फाइलच बदलता येत होती. रेड हॅटच्या यंत्रांवर कंटेनरच्या लेबलला त्या फाइलवर लिहायची मुभा नसल्याने हीही वाट बंद होती. तिन्ही वेळा पॉलिसी लिहिणाऱ्यांना ही विशिष्ट चूक ठाऊक नव्हती. त्यांना एवढेच ठाऊक होते, की या सेवेला या गोष्टीची गरज नाही. न कळलेल्या चुकीपासून आधीच मिळालेले हे संरक्षण आहे, आणि दुरुस्तीची वाट पाहणाऱ्या दुसऱ्या कोणत्याही उपायाला ते देता येत नाही.

आक्षेप आणि त्यांचे वजन

पहिला आक्षेप सर्वांत जुना: ही यंत्रणा किचकट आहे आणि चालती कामे बंद पाडते. यात तथ्य आहे आणि इतिहासाची साक्षही आहे. फेडोरा या लिनक्स वितरणाच्या 2004 मधील फेडोरा कोअर 2 या आवृत्तीत संपूर्ण यंत्रणेला एकाच वेळी वेसण घालणारी कडक पॉलिसी आली आणि ती इतकी अडचणीची ठरली की नेहमीच्या वापरासाठी बंदच ठेवावी लागली. त्याच वर्षी फेडोरा कोअर 3 मध्ये विचार बदलला. माणसांच्या कामाला हात न लावता नेटवर्कला तोंड देणाऱ्या डझनभर सेवाच हद्दीत बांधायच्या, बाकी सगळे मोकळे. ही 'टार्गेटेड' पॉलिसी टिकली आणि वाढत गेली. किचकटपणावरचे खरे उत्तर इथे सापडते. नियम प्रत्येक संस्थेने लिहायचेच नसतात. ते वितरण करणाऱ्यांनी एकदा लिहिलेले असतात. उरते ती रोजची अडचण, आणि ती बहुतेक वेळा अगदी क्षुल्लक असते. कोणीतरी संकेतस्थळाचे पान आपल्या खासगी फोल्डरमध्ये तयार करतो आणि वेब सर्व्हरच्या फोल्डरमध्ये हलवतो. कॉपी केली असती तर फाइलला नव्या जागेचे लेबल मिळाले असते. हलवल्यामुळे जुने खासगी लेबल तसेच राहते. वेब सर्व्हर ते पान दाखवू शकत नाही. लेबल पूर्ववत करणारी 'रिस्टोअरकॉन' ही एक आज्ञा दिली की काम सुरू होते. पण घाईतला माणूस इंटरनेटवर शोधतो, तिथे 'सेटएनफोर्स शून्य' असा सल्ला मिळतो, आणि एका फाइलच्या लेबलसाठी साऱ्या सर्व्हरचे संरक्षण काढून टाकले जाते. बंद करण्याआधी वापरायचा मधला मार्गही यंत्रणेतच आहे: 'परमिसिव्ह' अवस्थेत ती काहीच अडवत नाही, पण काय अडवले असते ते लिहून ठेवते. तेही एकट्या सेवेपुरते करता येते.

एवढ्या अडचणी सामान्य वापरकर्त्याला सोसतील का, याचे उत्तर आपल्या खिशात आहे. अँड्रॉइडने 2013 मध्ये एसईलिनक्स आधी नुसत्या नोंदी करण्याच्या अवस्थेत घेतले आणि 2014 च्या अँड्रॉइड 5.0 पासून ते सर्व प्रक्रियांवर सक्तीने लागू केले. कोल्हापूरच्या महाद्वार रोडवर यूपीआयने पैसे घेणाऱ्या दुकानदाराचा अँड्रॉइड फोन याच नियमांखाली चालतो आणि त्याला ते कधी जाणवतही नाही. अँड्रॉइडने आणखी एक धडा दिला. 2015 मध्ये 'स्टेजफ्राइट' या चुकीने व्हिडिओ वाचणारी सेवा धोक्यात आली. कॅमेरा, आवाज, नेटवर्क अशी बरीच कामे त्या एकाच सेवेत एकवटली होती, त्यामुळे तिला हक्कही तेवढे मोठे द्यावे लागले होते. 2016 च्या अँड्रॉइड 7.0 मध्ये तिचे तुकडे करून प्रत्येकाला स्वतंत्र, लहान हद्द दिली गेली. सेवेला नेमके काय लागते ते लिहायला बसले की तिच्या पदरात किती जास्त पडले आहे ते दिसू लागते, आणि मग मूळ रचनाच सुधारावी लागते.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. हद्द कर्नल राखते, मग कर्नलमध्येच चूक असेल तर? तर हद्द राहत नाही. 2016 ची 'डर्टी काऊ' आणि 2022 ची 'डर्टी पाइप' या कर्नलमधल्याच चुका होत्या. 2009 मध्ये तर उलटाच प्रकार उघडकीला आला: स्मृतीच्या शून्य पत्त्याबाबतचे एक संरक्षण एसईलिनक्स चालू असलेल्या यंत्रावर मोकळ्या वापरकर्त्यांसाठी सैल पडत होते. ते नंतर दुरुस्त झाले. या उदाहरणांवरून एवढेच ठरते, की कर्नल अद्ययावत ठेवण्याचे काम सुटत नाही. पण हल्लेखोराला आता दोन चुका लागतात, एक सेवेतली आणि एक कर्नलमधली, आणि दुसरी दुर्मीळ व महाग असते. एनएसएच्या घरातून आलेल्या यंत्रणेवर विश्वास कसा ठेवायचा, हा प्रश्नही एनएसएची हेरगिरी उघड करणाऱ्या 2013 च्या स्नोडेन प्रकरणानंतर विचारला गेला आणि तो विचारायलाच हवा. त्याचे उत्तर कोडच्या खुलेपणात आहे. दोन दशकांहून अधिक काळ अनेक देशांतील, एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्यांच्या अभियंत्यांनी तो वाचला, तपासला आणि बदलला आहे. आणि ज्याला तरीही खात्री वाटत नाही त्याच्यासाठी वेगळ्या घरातून आलेले ॲपआर्मर आहेच.

तिसरा आक्षेप थेट बँकांना लागू होतो. ज्या सेवेला पैशाचा होकार देण्याचा हक्क आहे, तिच्याच तोंडून खोटा होकार वदवला तर पॉलिसी काय करणार? ऑक्टोबर 2018 मध्ये अमेरिकी यंत्रणांनी 'फास्टकॅश' नावाच्या हल्ल्यांबद्दल इशारा दिला होता. त्यात स्विचच्या चालू प्रक्रियेतच परका कोड घुसवून संदेश बदलले जात होते. ते सर्व्हर आयबीएमच्या एआयएक्स प्रणालीवर चालणारे होते. 2024 मध्ये संशोधकांनी याच हत्याराचा लिनक्सवर चालणारा अवतार उघड केला. त्यात 'पीट्रेस' ही, मुळात प्रोग्रॅममधील चुका शोधण्यासाठी असलेली, सोय वापरून चालू प्रक्रियेत शिरकाव केला जातो. एसईलिनक्समध्ये ही सोय साऱ्या यंत्रावर बंद करणारा पॉलिसीतला स्विच आहे, पण तो मुळात चालू नसतो. पैशाचे व्यवहार चालणाऱ्या सर्व्हरवर तो चालू करायला हवा. तरीही मान्य करावे लागेल, की संदेशातला आकडा खरा की खोटा, हे कर्नलला कळत नाही. त्यासाठी स्विच आणि कोअर बँकिंगच्या नोंदींचा सतत मेळ घालणे, परदेशी व्यवहारांवर मर्यादा आणि रात्री-अपरात्री लक्ष ठेवणारी माणसे लागतात. तसेच पूर्ण मोकळा रूट हाती आलेला हल्लेखोर सक्तीच उठवू शकतो. म्हणून चालू यंत्रावर पॉलिसी बदलायलाही बंदी घालणारा पर्याय निवडावा लागतो. अनिवार्य नियंत्रण हे एकटे पुरेसे नाही. पण ते नसेल तर या बाकीच्या सगळ्या तपासण्या ज्या यंत्रावर चालतात, ते यंत्रच परक्याच्या ताब्यात जाते.

लहान संस्थेचा हिशेब

शेवटचा आक्षेप कोल्हापूर जिल्ह्यात हमखास ऐकू येईल असा आहे: आमची संस्था लहान, तज्ज्ञ माणसे नाहीत, सगळे काम सेवा पुरवणाऱ्या कंपनीकडे आहे. दूध संघ, साखर कारखाने, नागरी बँका आणि गावोगावच्या पतसंस्था मिळून या जिल्ह्याचे अर्थकारण चालते, आणि यातील फार थोड्यांना स्वतंत्र सुरक्षा विभाग परवडेल. पण लहानपणामुळे हल्ला टळत नाही. 31 जुलै 2024 च्या सुमारास सी-एज या सेवा पुरवणाऱ्या कंपनीवर खंडणीखोर हल्ला झाला तेव्हा राष्ट्रीय पेमेंट महामंडळाने तिला तात्पुरते जाळ्यातून तोडले आणि तिच्यावर अवलंबून असलेल्या सुमारे 300 लहान बँकांच्या ग्राहकांचे व्यवहार अडले. त्या बँकांनी स्वतः काहीच चूक केली नव्हती. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर 2018 मध्ये नागरी सहकारी बँकांसाठी मूलभूत सायबर सुरक्षा चौकट आणि 31 डिसेंबर 2019 रोजी चार स्तरांची श्रेणीबद्ध चौकट जाहीर केली. त्यामागचा विचारही हाच, की देयक यंत्रणेशी बँकेचा जितका जास्त संबंध, तितकी तिची जबाबदारी मोठी.

तज्ज्ञ माणसे नाहीत म्हणूनच आधीपासून तयार असलेली सक्ती लहान संस्थेच्या फायद्याची आहे. मोठी बँक चोवीस तास पहारा देणारे पथक ठेवू शकते. लहान बँकेच्या सर्व्हरकडे रविवारी रात्री पाहणारे कोणी नसते, पण कर्नल तेव्हाही नकार देत असते. यासाठी वेगळा परवाना घ्यावा लागत नाही, नवे यंत्र आणावे लागत नाही. लागतो तो संचालक मंडळाचा आग्रह. सेवा पुरवणाऱ्याशी करार करताना त्यात स्पष्ट लिहावे, की प्रत्येक लिनक्स सर्व्हरवर एसईलिनक्स किंवा ॲपआर्मर सक्तीच्या अवस्थेत राहील. एखाद्या सेवेला सूट हवी असेल तर ती त्या सेवेपुरती, कारणासह आणि मुदतीसह लेखी द्यावी लागेल. आणि नाकारलेल्या विनंत्यांच्या नोंदी दर महिन्याला संस्थेला दाखवल्या जातील. लेखापरीक्षकाने ताळेबंदाबरोबर तेही तपासावे. एसईलिनक्सची यंत्रे सक्तीच्या अवस्थेत आहेत का, हे एका आज्ञेत कळते आणि उत्तर एका शब्दात येते, त्यामुळे ही अट पाळली की नाही यावर वाद घालायला जागाच राहत नाही. सभासदांच्या ठेवींवर उभ्या असलेल्या संस्थेत कोणाही एका माणसाच्या, एका प्रोग्रॅमच्या किंवा एका कंपनीच्या भल्या मर्जीवर सगळे अवलंबून ठेवणे हे सहकाराच्याच तत्त्वाविरुद्ध आहे, आणि सर्व्हरची खोली त्या तत्त्वाला अपवाद असण्याचे काहीही कारण नाही.